बियांच्या अर्काबद्दल, बाबांना

व्हिएन्ना

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, निघालं आणि अण्णाकाकांनी मिल्क थिसलच्या गोळ्या आणून दिल्या, हे आईकडून कळलं. ‘घेऊ का?’ असं तुम्ही विचारलंत. माझं रोजचं काम याच बियांवर चालतं, म्हणून नीट लिहून कळवते.

मिल्क थिसल म्हणजे जांभळ्या फुलांचं काटेरी झुडूप, पानांवर पांढऱ्या शिरांची नक्षी. बी तपकिरी, गुळगुळीत. आम्ही आधी त्यातलं तेल काढून टाकतो, मग चोथ्यातून अर्क काढून वाळवतो. हाती पिवळसर पूड येते, तीच सिलिमारिन. यकृताच्या पेशींना ती जपते, हे प्रयोगशाळेत दिसतं. पण ती पाण्यात जेमतेम विरघळते आणि आतड्यातून रक्तात फार थोडी उतरते. बशीतल्या पेशींना मिळते तेवढी माणसाच्या यकृताला मिळत नाही. खरी अडचण इथेच आहे.

म्हणून माणसांवर चाचणी लागते. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ गोळी. कोणाला कुठली, हे डॉक्टरलाही ठाऊक नसतं. इथल्याच व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत कायमचं निबर झालेल्या, १७० रुग्णांवर अशी चाचणी केली, ती १९८९ मध्ये छापून आली. चार वर्षांनी औषधवाल्यांतले ५८ टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. सगळ्यांना केवढी आशा वाटली! पण १९९८ मध्ये स्पेनमध्ये दारूमुळे सिरॉसिस झालेल्या २०० जणांत काहीच फरक दिसला नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत हिपॅटायटिस सी च्या रुग्णांना नेहमीपेक्षा तिपटीने-पाचपटीने डोस दिले, तरी एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढतं ते) पोकळ गोळीवाल्यांपेक्षा जास्त उतरलं नाही.

म्हणून बी खोटी ठरत नाही. इथे पावसाळी दिवसांत लोक रानात अळंबी वेचतात, चुकून विषारी ‘डेथ कॅप’ पोटात जाते. तेव्हा याच बीतलं सिलिबिनिन, म्हणजे सिलिमारिनचा मुख्य घटक, शिरेतून देतात. ते विषाला यकृताच्या पेशीत शिरू देत नाही. पण तो उपाय इस्पितळातला. तुमच्या फॅटी लिव्हरला तो हिशेब लागू होत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. काका म्हणाले ना, ‘असलं झाड आपल्या बांधावरच उगवतं, बिया दळून घेऊ’? बाबा, तसं मुळीच करू नका. बांधावरचा तो पिवळा धोतरा. पानं तशीच काटेरी, पांढऱ्या शिरांची, पण फूल पिवळं आणि बी मोहरीसारखी काळी. ती विषारी आहे. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात याच पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाची भेसळ झाली, तेव्हा पाय सुजून आणि हृदयावर परिणाम होऊन माणसं दगावली होती. काकांनाही आजच सांगा.

डबीतल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून मगच घ्या, आणि तुमच्या मधुमेहाच्या गोळ्या त्यापायी बंद करू नका. खरा गुण वजन उतरल्यावर येईल. तुमच्या ८४ किलोतले सहा-सात किलो कमी झाले तरी यकृतातली चरबी बरीच उतरते. संध्याकाळी आईला घेऊन तळ्यापर्यंत चालत जा, रात्रीचा भात निम्मा करा.

डबीच्या लेबलाचा आणि एसजीपीटीच्या रिपोर्टचा फोटो दादाला पाठवायला सांगा. रविवारी फोन करते.

तुमची,
मीनू