शाळेबाहेरचं ते बाकडं

पुणे, शुक्रवार रात्र

प्रिय अव्या,

परवा फोनवर म्हणालास, ‘द बर्ड्स’ तासभर बघितला, काही घडेचना म्हणून बंद केला. ते मनातून जाईना. अरे, तू नेमका शाळेच्या प्रसंगाच्या तोंडाशी उठलास!

माणसांवर तुटून पडणाऱ्या पक्ष्यांचा, हिचकॉकचा हा १९६३ चा सिनेमा मी कितीदा पाहिलाय, तरी तिथे पोटात गोळा येतोच. नायिका मेलनी शाळेबाहेर बाकड्यावर सिगारेट ओढत बसलीय. आतून मुलांचं गाणं येतंय, फिरून फिरून त्याच ओळींवर येणारं. तिच्या पाठीमागे मुलांना चढायला लोखंडी नळ्यांचा सांगाडा आहे. त्यावर एक कावळा येऊन बसतो. कॅमेरा तिच्याकडे, पुन्हा सांगाड्याकडे. आणखी दोन-चार आलेले. आणि मग हिचकॉक मागचं दाखवणंच बंद करतो! नुसता तिचा चेहरा, धूर, गाणं. मागे कावळे वाढताहेत हे आपल्याला ठाऊक, पण मोजायला मिळत नाहीत. शेवटी तिला आभाळात एकच कावळा दिसतो. तिची नजर त्याच्यामागून खाली येते आणि सांगाडा काळाकुट्ट भरलेला.

आपल्याकडे पिंडाला शिवावा म्हणून कावळ्याची वाट बघत माणसं ताटकळतात. ते लहानपणी पाहिल्यामुळे असेल, गप्प बसलेल्या कावळ्याची मला जास्त भीती वाटते.

सिनेमाला नेहमीसारखं पार्श्वसंगीत नाही. पक्ष्यांचे कितीतरी आवाज ट्रॉटोनियम नावाच्या विजेच्या वाद्यावर काढलेले आहेत. आता घाबरा, असं सांगायला व्हायोलिन येत नाही, म्हणून आपण सारखे सावध.

आणि ‘काही घडेचना’ म्हणालास त्या भागातले कप आठव. धुराड्यातून चिमण्या घुसल्यानंतर नायकाची, म्हणजे मिचची आई फुटके कप गोळा करत असते. पुढे ती शेजारच्या शेतकऱ्याकडे जाते, तर स्वयंपाकघरात हुकांना फुटके कप लटकताहेत. पक्षी इथेही येऊन गेलेत, हे ती आतल्या खोलीत जायच्या आधीच आपल्याला कळून चुकतं. बाहेर पळत येते तेव्हा तिचं तोंड उघडं असतं, पण आवाज फुटत नाही. एवढी तयारी त्या फुटक्या कपांनी केलेली!

रविवारी जेवायलाच ये. दिवे घालवून पहिल्यापासून बघू. आवाज मोठा ठेवू. शाळेतून मुलं पळतात तेव्हा कॅमेरा कावळ्यांवरच असतो, आधी मुलांची धावती पावलं ऐकू येतात आणि मग पंख.

तुझा,
मिल्या