नाचाच्या फोटोखाली नाव कुणाचं?

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत तुम्ही डान्सचा अर्धं पानभर फोटो छापलात, एकदम भारी आहे, पण खाली नाव फक्त नर्तकीचं, काढला कुणी याचा पत्ताच नाही. दर वेळी हेच, म्हणून शेवटी लिहायला बसले.

मी हौशी फोटोग्राफर आहे, स्टेजसमोर अंधारात बसून बरेच फोटो वाया घालवलेत. उडी पार वर पोचली की अंग क्षणभर हवेत थांबल्यासारखं वाटतं, तेवढंच पकडायचं असतं, आणि गंमत म्हणजे एसएलआरमध्ये, म्हणजे आतल्या आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, क्लिक होताना आरसा वर जातो आणि डोळा लावतो ती खिडकी, व्ह्यूफाइंडर, क्षणभर काळी होते, म्हणजे तो क्षण तुम्हाला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसला तर समजा फोटो हुकला! बोट आधीच दाबायला लागतं आणि त्यासाठी तो नाच डोक्यात पक्का बसलेला पाहिजे.

अमेरिकेतल्या फोटोग्राफर बार्बरा मॉर्गनचंच घ्या. बाई मूळच्या पेंटर, १९३५ ला मॉडर्न डान्सवाल्या नर्तकी मार्था ग्रॅहमशी ओळख झाली आणि १९४१ ला तिच्या सोळा नाचांच्या फोटोंचं पुस्तक काढलं. भर शोमध्ये नाही हां, आधी नाच बघायचा, मग स्टुडिओत स्वतः लाइट लावून नेमकी ती हालचाल परत करून घ्यायची. १९४० चा तो फोटो बघा, ग्रॅहम कमरेतून वाकून जवळजवळ आडवी झालीय, हात कपाळाशी, पाय मागे उडालेला आणि पांढरा स्कर्ट कमानीसारखा वर गेलाय. लोक याला डान्स फोटो म्हणतात, मला विचाराल तर तो पोर्ट्रेटच आहे, चेहरा नीट दिसत नसला तरी. बरं, याच बाईंनी १९५१ ला उन्हाळी कॅम्पमधल्या मुलांवर अख्खं पुस्तक केलं, त्यात स्टेज नाही की कॉस्च्युम नाही, नुसती खेळणारी पोरं, पण अंग कसं हलतं हे बघायची नजर तीच. त्यामुळे पोर्ट्रेट वेगळं, डान्स वेगळा, डॉक्युमेंटरी वेगळी असे कप्पे करतात ते मला काही पटत नाही.

तर फोटोग्राफरचं नाव टाका, बारीक अक्षरात का असेना. आणि हो, त्या रविवारच्या फोटोत तुमच्या लेआउटवाल्यांनी नर्तकीचा डावा पाय घोट्यापासून उडवलाय, सगळा तोल त्याच पायावर होता हो! इ-पेपरमध्ये तरी पूर्ण फ्रेम टाका.

तुमची एक नेहमीची वाचक