पैसे भरूनही पेनड्राइव्हची वेळ का यावी?

माननीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

सविनय नमस्कार.

गेल्या दिवाळीत बाबांनी टीव्हीवर एक जुना मराठी सिनेमा लावला. मध्यंतरापर्यंत बघितला, डोळे जड झाले म्हणून उरलेला सकाळी बघू म्हणाले. सकाळी सिनेमा त्या ॲपवरून गायब! वर्षाचे पैसे आम्ही आगाऊ भरले होते. शेजारच्या मुलाने टेलिग्रामवरून उतरवून दहा मिनिटांत पेनड्राइव्ह आणून दिला. जन्मात कधी विनातिकीट एसटीत न चढलेल्या माझ्या बाबांनी चोरीची प्रत बघितली. मला ते फार लागलं.

2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यात सिनेमा चोरून चित्रित करणाऱ्याला आणि ती प्रत लोकांना दाखवणाऱ्याला किमान 3 महिने कैद आणि 3 लाख रुपये दंड आहे. योग्यच आहे, पायरसीने सिनेमावाल्यांच्या पोटावर पाय येतो. पण प्रेक्षकाला त्या वाटेला ढकलणाऱ्या निर्णयांना कुणीच हात लावत नाही. 31 मार्च 2023 ला एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या मालिका हॉटस्टार ॲपवरून उतरल्या आणि जिओसिनेमावर यायला महिन्याहून जास्त गेला. ज्यांनी वर्षाचे पैसे भरले होते, त्यांनी त्या दिवसांत काय करायचं होतं? पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये ही दोन्ही ॲप एकच झाली. त्याच वर्षी जूनपासून प्राइम व्हिडिओवर पैसे भरणाऱ्यांनाही जाहिराती दिसू लागल्या. नको असतील तर वर्षाला आणखी 699 रुपये.

दर ठरवणं कंपन्यांचं काम, मान्य. पण ॲपवरून सिनेमा काढून टाकण्याआधी महिनाभर पडद्यावर तारीख दाखवायची सक्ती आपण करू शकता. बाबांनी त्या रात्रीच संपवला असता.

दुसरं, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. ज्या मराठी सिनेमांचे ॲपशी असलेले करार संपले आणि ज्यांना नवा घेणारा मिळत नाही, त्यांच्या निर्मात्यांशी आपल्या खात्याने स्वतः बोलावं, रास्त मोबदला द्यावा आणि ते वेव्हजवर आणावेत. जुन्या सिनेमांचं राष्ट्रीय संग्रहालय पुण्यात आपल्याच खात्याकडे आहे. सुरुवात तिथूनच करता येईल.

बाबांना आता दुसरा एक सिनेमा बघायचाय. चार ॲपवर शोधला, कुठेच नाही. शेजारच्या मुलाला अजून विचारलेलं नाही.

आपला,
एक प्रेक्षक, सातारा