पुलाला चिकटवलेला धागा वाचणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत नवा पूल होऊ घातला की ‘पुलावर सेन्सर बसवणार’ हे वाक्य हल्ली बातमीत बहुतेक वेळा असते. वाचून बरे वाटते. मी बावीस वर्षे याच कामात काढली. गर्डरला (पुलाच्या आडव्या तुळईला), खांबाला, बोगद्याच्या अस्तराला मोजमापाची साधने लावत फिरलो आणि शेवटची काही वर्षे तर फक्त ऑप्टिकल फायबरचे सेन्सर बसवले. त्या अनुभवावरून सांगतो, सेन्सर बसवला की काम निम्मेच होते. उरलेल्या निम्म्यासाठी आपल्याकडे टेंडरमध्ये ओळ नसते आणि जागेवर माणूस नसतो.

१४ मार्च २०१९ ची संध्याकाळ मुंबईकर विसरलेले नाहीत. सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला आणि माणसे गेली. त्या पुलाचे स्ट्रक्चरल ऑडिट झालेले होते आणि त्यात किरकोळ दुरुस्त्याच सुचवलेल्या होत्या. त्याआधी ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर पडला होता. ऑडिट नकोच असे मी म्हणत नाही. पण डोळ्यांनी पाहून, हातोडीने ठोकून केलेली तपासणी ही त्या एका दिवसाची असते. पूल ओझे वाहतो तो रोज, आणि रात्रीसुद्धा. त्याला रोज काय होते ते सांगणारे काहीतरी त्याच्या अंगावर हवे.

फायबरचा सेन्सर तेच करतो. घराघरांत इंटरनेट आणणारी केसाएवढी काचेची तार असते, जवळपास तशीच ही तार. तिच्या गाभ्यात अतिनील लेसरने सुमारे अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतराने रेघा उमटवलेल्या असतात. त्या रेघांवरून प्रकाशाची एकच ठरावीक तरंगलांबी परत फिरते, बाकीचा प्रकाश पुढे जातो. गर्डर ताणला गेला की त्याला चिकटलेली तार ताणते, रेघांमधले अंतर वाढते आणि परत येणारी तरंगलांबी किंचित सरकते. हे सरकणे मोजले की स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत गर्डर किती ताणला किंवा दबला, ते कळते. एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे मीटरमागे एक मायक्रॉन. तीस मीटरचा गर्डर अर्ध्या केसाच्या जाडीएवढा लांबला तरी यंत्राला ते दिसते. एका तारेवर असे पुष्कळ सेन्सर ओळीने बसतात, त्यामुळे वायरींचे जंजाळ होत नाही.

मुंबईला तर ही तार विशेष सोयीची. आपले कितीतरी पूल रेल्वेवरून जातात आणि खाली २५ हजार व्होल्टची ओव्हरहेड वायर असते. विजेवर चालणाऱ्या जुन्या स्ट्रेन गेजच्या आकड्यांत त्या वायरीमुळे गोंधळ होतो, काचेतल्या प्रकाशावर परिणाम होत नाही. शिवाय खाऱ्या हवेत काच गंजत नाही.

पण तार कितीही चांगली असली तरी ती चिकटवणारा हात माणसाचा असतो. रेल्वेवरच्या पुलाचे काम म्हणजे रात्रीचा पॉवर ब्लॉक, म्हणजे गाड्या आणि ओव्हरहेड वायरची वीज बंद ठेवलेली वेळ. हातात जेमतेम तीन तास. आधी ग्राइंडरने रंग आणि गंज काढून पोलाद चकचकीत करायचे. मग पॉलिश पेपर. मग अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेले फडके एकाच दिशेने फिरवायचे, पुसून पुसून फडके पांढरेच राहीपर्यंत. पेन्सिलने रेघ मारायची, त्या रेघेवर तार किंचित ताणून धरायची, कारण ताणून न लावलेली तार दाब आल्यावर नुसती ढिली पडते आणि काहीच सांगत नाही. मग चिकटवण, त्यावर टेफ्लॉनची पातळ पट्टी, आणि मिनिटभर अंगठा दाबून श्वास रोखून थांबायचे. पावसाळ्यात उघड्या पोलादावर तासाभरात तांबूस झाक येते. ती दिसली की पुन्हा पॉलिश पेपरपासून सुरुवात, मग ब्लॉक संपायला वीस मिनिटे का उरलेली असेनात. हा नियम मला माझ्या पहिल्या मुकादमाने शिकवला आणि मी तो कधी मोडला नाही.

याचे कारण वाचकांनी समजून घ्यावे असे आहे. नीट न चिकटलेला सेन्सर बंद पडत नाही. तो चालू राहतो आणि खरा असतो त्यापेक्षा कमी स्ट्रेन दाखवतो. पडद्यावर सगळे आलबेल दिसते. बंद पडलेला सेन्सर निदान लक्षात तरी येतो, हा येत नाही.

तापमानाचेही तसेच आहे. पारा एक अंशाने वाढला तरी त्या तारेला सुमारे आठ मायक्रोस्ट्रेनचा ताण आल्यासारखे वाटते, आणि पोलाद स्वतःही दर अंशाला बारा मायक्रोस्ट्रेनने प्रसरण पावते. मे महिन्यात पहाटेचा गर्डर आणि दुपारचा गर्डर यांत वीस अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे चारशे मायक्रोस्ट्रेन नुसत्या उन्हाचे! मी मोजलेल्या गर्डरांवर भरलेला डंपर गेला तरी आकडा शंभराच्या आतच असायचा. म्हणून प्रत्येक जागी शेजारी न चिकटवलेला, फक्त तापमान सांगणारा दुसरा सेन्सर लागतो. खर्च वाचवायचा झाला की पहिली कात्री त्याच्यावर चालते, हे मी अनेकदा पाहिले.

पूर्व उपनगरातल्या एका पुलाचे मला अजून वाईट वाटते. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे आमच्या पथकाने सोळा सेन्सर बसवले होते. उद्घाटनाची तारीख जवळ आली, म्हणून वाहतूक सुरू होण्यापूर्वीचे झिरो रीडिंग घ्यायला वेळ मिळाला नाही. खरे तर सगळी मोजदाद त्या रीडिंगपासून सुरू होते. पुढे वर्षभराने मी सहज पाहायला गेलो, तेव्हा रंगकाम करणाऱ्यांच्या खरवडणीने दोन तारा तुटल्या होत्या. रंगाऱ्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. जंक्शन बॉक्सचे झाकण उघडे होते आणि आत मुंग्यांचे वारूळ. प्रकाश सोडून आकडे वाचणारे यंत्र ठेकेदाराचे, ते तो घेऊन गेला. आकड्यांची फाइल ज्या इंजिनीअरच्या लॅपटॉपमध्ये होती, तो नोकरी सोडून गेला होता. उरलेले चौदा सेन्सर माझ्या अंदाजाने शाबूत होते. त्यांना विचारणारे कोणी नव्हते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सेन्सरच्या टेंडरमध्ये बसवण्याच्या रकमेशेजारी किमान दहा वर्षांच्या वाचनाची आणि देखभालीची रक्कम वेगळी धरावी आणि वाचनाचे यंत्र पुलाच्या मालकाच्या ताब्यात असावे. झिरो रीडिंग आणि भारचाचणीचे आकडे नोंदल्याशिवाय पूल खुला करू नये. सेन्सर कुठे आहेत याचा नकाशा रंगवाले, केबलवाले, दिवाबत्तीवाले अशा सगळ्यांना काम सुरू करण्याआधी दाखवला जावा. कोणता आकडा ओलांडला की रात्री दोन वाजताही कोणाला फोन करायचा आणि वाहतूक कोणी थांबवायची, हे पूल उघडायच्या आधी कागदावर यावे. वर्षातून एकदा हे आकडे लोकांसमोर मांडावेत. पवईची आयआयटी आणि माटुंग्याची व्हीजेटीआय याच शहरात आहेत, ते आकडे तपासायला माणसे दूरवरून आणावी लागणार नाहीत.

आणि बसवणारे हातही इथेच आहेत. चाळीचाळींत, सोसायट्यांत ब्रॉडबँडची तार जोडणारी मुले आपण रोज पाहतो. जिन्यात उकिडवे बसून, मांडीवर स्प्लायसिंग मशीन ठेवून ती मुले केसाएवढी काच सफाईने सांधतात. हे कौशल्य त्यांच्याकडे आधीच आहे. पोलाद कसे घासायचे, तार किती ताणायची, चिकटवण कधी नाकारायची, एवढेच शिकवायचे राहिले आहे. एखाद्या आयटीआयने दोन आठवड्यांचा वर्ग काढला तर शिकवायला मी येईन, मोबदला नको. गर्डरचा एक गंजका तुकडा, पॉलिश पेपर आणि तार तेवढी द्यावी, आणि वर्ग जुलैमध्ये ठेवावा.

– एक निवृत्त साइट सुपरवायझर, भांडुप