बाटली खाली

चि. वैशू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस ते तुझ्या आईला उमगलं नाही, म्हणून कापसाच्या पावत्यांच्या वहीत लिहून काढलं. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमएस सर्जरीची तीन आता संपतील, आणि नीट एसएस ही पुढची प्रवेश परीक्षा निघाली तर एमसीएचची, म्हणजे छातीच्या सर्जरीची, आणखी तीन. साडेअकरा. आई म्हणाली, "काहून, अजून डॉक्टर झाली नाही का ते?" म्हटलं, झाली, पण छाती उघडायची तर वेगळं शिकावं लागते.

त्या तीन वर्षांत हृदय, रक्तवाहिन्या, फुप्फुसं सगळंच शिकवतात, पण पुढे बहुतेकांचा ओढा बायपासकडे, असं तूच म्हणालीस. तुझे सरही म्हणतात, हृदय धर. मला त्यातलं काय कळते? पण विचारलंस म्हणून सांगतो, तू फुप्फुस धर.

तू बालवाडीत होतीस. तुझ्या मोठ्या बाबांना टीबी झाला आणि उजव्या बाजूला पू भरला. छातीत नळी घातली, तिचं दुसरं टोक खाली ठेवलेल्या काचेच्या बाटलीत, पाण्यात बुडवलेलं. श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढे, सोडला की उतरे. अठरा दिवस मी तेच पाहत बसलो होतो. एकदा एक्स-रेला नेताना मी ती बाटली उचलून सरळ त्यांच्या पोटावर ठेवली. हात मोकळे राहतील म्हणून. सिस्टर ओरडत धावली, "भाऊ, बाटली खाली! पाणी छातीत जाईल." आधी कोणी सांगितलं नव्हतं, पण मीही विचारलं नव्हतं. तो आवाज अजून कानात आहे.

नळीनं भागलं नाही. पू घट्ट होऊन फुप्फुसावर जाड साल धरली होती, ते फुगेचना. नागपूरला नेलं. तिथल्या सर्जननं समजावलं, "संत्र सोलतो तशी ही साल सोलून काढायची, मग फुप्फुस फुगते." आपल्याकडचाच असावा गडी. पुढच्या हंगामात मोठ्या बाबांनी स्वतः वखर धरला.

मागच्या दिवाळीत तू माझ्याच बरगड्यांवर बॉलपेननं रेघा मारल्यास. नळी बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालायची, कारण खालच्या कडेआड रक्तवाहिनी आणि नस असते. दोन दिवस ती शाई निघाली नाही. एका फुप्फुसाला मिटवून दुसऱ्यावर श्वास चालवणारी दुहेरी नळी भूलवाले डॉक्टर घालतात, तेही तेव्हाच कळलं. अन्ननलिकाही तुमच्याच वाट्याला, हे मात्र नवीन होतं. (तंबाखूचा खर्रा सोडला आहे. म्हणजे दिवसाला एकावर आणला आहे. आईला विचारू नकोस.)

बैलाचं शिंग लागलेला, मोटरसायकलवरून पडून बरगड्या मोडलेला, टीबीची गोळी पुरी करूनही जिना चढू न शकणारा, असे लोक मला आपल्या एसटीत नेहमी दिसतात. बायपासवाला क्वचित.

पैशाची काळजी करू नको, विद्यावेतन मिळते म्हणालीस तेवढं पुरे. तुझे मामा लग्नाचं काढत होते. त्यांना पराटी दाखवायला वावरात नेलं, दुपारपर्यंत विषय विसरले.

तूरडाळीचा डबा सकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिला आहे, स्टँडवर जाऊन घे. फॉर्मची शेवटची तारीख कळव. आणि डबा रिकामा परत पाठवू नको म्हणते आई.

तुझा,
बाबा