काशीची देवदिवाळी आपल्या तारखेला नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काशीची देवदिवाळी पाहायला निघणाऱ्या खानदेशातल्या मंडळींची एक चूक दरवर्षी होते. आपल्या दिनदर्शिकेत देवदिवाळी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला छापलेली असते. काशीत ती कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला असते. दिनदर्शिकेतली तारीख पाहून तिकीट काढलं, की पोचेपर्यंत घाटावरच्या पणत्या विझून पंधरवडा झालेला असतो. २०२६ मध्ये ही पौर्णिमा २४ नोव्हेंबरला आहे.

असाच घोळ श्रावणाचा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. यंदा आपला श्रावण १३ ऑगस्टला लागतो, तिथला ३० जुलैला. ‘श्रावणाआधी गर्दी नसेल’ म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर नेमके कावडियांच्या, म्हणजे कावडीने गंगाजल वाहणाऱ्या भाविकांच्या, रांगेत सापडाल. शिवाय तेव्हा गंगा चढलेली असते. धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे, पण पाणी तिथवर जायच्या बरंच आधी घाटाघाटांतली पायवाट बुडते, नावा बंद होतात आणि आरती गच्चीवर जाते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पावसाळा सोडावाच.

आता तिकिटाचं. आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. २२ नोव्हेंबरला निघायचं तर २३ सप्टेंबर लक्षात ठेवा. जळगावात कार्तिकी एकादशीचा रथ ओढूनही २२ची गाडी मिळते, ही आपली सोय. भुसावळहून महानगरी आणि ताप्ती-गंगा या दोन्ही गाड्या इटारसी-जबलपूरमार्गे जातात; वीस-बावीस तास धरा, दशम्या बांधून घ्या. मधल्या स्टेशनांचा कोटा लहान असतो आणि त्यातली वेटिंग सहसा सरकत नाही. अशा वेळी ताप्ती-गंगेचं सुरतपासूनचं तिकीट काढून बोर्डिंग भुसावळ टाकावं. थोडे पैसे जास्त जातात, पण बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. उतरायचं वाराणसी जंक्शनला, ज्याला तिथले लोक ‘कँट’ म्हणतात. काही गाड्या शहरात न जाता दीनदयाळ उपाध्याय, म्हणजे जुन्या मुगलसरायवरून जातात. ते स्टेशन गंगेपलीकडे आहे आणि पौर्णिमेच्या दिवशी राजघाटचा पूल ओलांडण्यातच अर्धा दिवस जाऊ शकतो.

विश्वनाथाचं दर्शन आदल्या दिवशी, २३ तारखेलाच उरका. मोबाइल, पिशवी, पेनसुद्धा आत नेऊ देत नाहीत. गल्लीतले दुकानदार लॉकर ‘फुकट’ देतात आणि मोबदल्यात पेढ्यांची टोपली गळ्यात मारतात. सामान खोलीवरच ठेवलं की हा प्रश्न येत नाही. म्हणून खोली घाटापासून पायी जाता येईल अशीच घ्या. देवदिवाळीच्या संध्याकाळी गोदौलियाच्या, म्हणजे घाटाजवळच्या चौकाच्या, बऱ्याच अलीकडे वाहनं अडवतात आणि स्टेशनजवळ उतरलेल्यांची, विशेषतः म्हाताऱ्या माणसांची, फार तंगडतोड होते.

सगळे दशाश्वमेध घाटाकडे धावतात. माझं मत विचाराल तर पंचगंगा घाटावर जावं. अहिल्याबाईंनी बांधलेली दगडी दीपमाळ तिथेच आहे. कार्तिकभर उंच बांबूंवर टोपल्यांत आकाशदिवे टांगलेले दिसतात. तो कार्तिकही कोजागरीनंतर लगेच सुरू झालेला, हे आता वेगळं सांगायला नको. दुपारी तीनच्या आत जागा धरा. अंधार पडल्यावर पायऱ्यांवर चढता-उतरता येत नाही, तेव्हा पाणी बरोबर हवं आणि लघवीला आधीच जाऊन यावं. रात्री नदीवरून गार वारा सुटतो, एक शाल लागते.

नाव करायची असेल तर २३ तारखेलाच ठरवा, आणि चार गोष्टी बोलून घ्या: दर माणशी की पूर्ण नावेचा, किती वेळ, कुठून कुठवर, आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का. ‘अस्सी ते राजघाट’ असं कबूल करून दशाश्वमेधपाशीच नाव उभी करतात, कारण त्या गर्दीत वल्ही मारायला जागा राहत नाही.

पौर्णिमेचं स्नान करणाऱ्यांनी पाण्याखालच्या पायऱ्यांचा भरवसा धरू नये. पुराचा गाळ वरून धुऊन काढतात, खाली तो राहतो आणि शेवाळ धरतो. साखळी सोडू नका.

काशीनंतर तापीकाठच्या प्रकाशा या गावी जायची आपल्याकडची रीत पाळणाऱ्यांनी परतीचं तिकीट ताप्ती-गंगेचं, भुसावळऐवजी थेट नंदुरबारचं काढावं. गाडीचे वार आधी तपासा. नंदुरबारहून शहाद्याकडे जाणारी एसटी प्रकाशावरूनच जाते.

— एक वाचक, भुसावळ