ज्युडीचं पत्र

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, हिचकॉकचा 'व्हर्टिगो' पाहिला. पण रहस्य आधीच फोडून टाकलंय, मग पुढे बघायचं काय?" तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. ते सुचलं रात्री, दिवा मालवल्यावर.

ज्युडी पत्र लिहायला बसते, स्कॉटी जिला मेलेली समजतो ती मॅडलिन आपणच होतो हे सगळं कबूल करते आणि फाडून टाकते, तिथे तू वैतागलास ना? मूळ फ्रेंच कादंबरीत हे गुपित शेवटी कळतं. हिचकॉकने ते मुद्दाम अलीकडे आणलं. तोवर आपण स्कॉटीच्या, त्या माजी डिटेक्टिव्हच्या, गाडीत बसून सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर त्या मॅडलिनच्या मागे फिरत असतो. पत्र फाटलं की आपण गाडीतून उतरतो आणि ज्युडीच्या खोलीत जाऊन बसतो. आता आपल्याला सगळं ठाऊक, त्याला काहीच नाही. तो तिला मॅडलिनचा तोच करडा सूट घ्यायला लावतो, केस रंगवायला लावतो, आणि ती नको नको म्हणत ऐकत जाते.

खरं सांगू? तुझ्या वयात मला स्कॉटीचीच दया आली होती. केवढं प्रेम, असं वाटलं होतं! आता त्याच प्रसंगांत मला त्याची भीती वाटते. स्कॉटी झालेल्या जेम्स स्ट्युअर्टचा तो भला चेहरा आहे ना, त्यानेच फसायला होतं.

जिन्यावरचा गरगरणारा शॉट सगळेच वाखाणतात. कॅमेरा मागे आणि झूम पुढे, हे आता कुणीही करतं. मला त्यापेक्षा स्कॉटीची जुनी मैत्रीण मिज आठवते. मॅडलिन जिच्या चित्रासमोर बसून राहते त्या कार्लोटाच्या चित्रात ती स्वतःचा चष्मेवाला चेहरा रंगवते, थट्टा म्हणून. स्कॉटी उठून निघून जातो, आणि ती स्वतःचेच केस ओढत स्वतःला मूर्ख म्हणते. पुढे दवाखान्याच्या लांब बोळातून ती चालत जाते ती परत दिसतच नाही. सिनेमालाही तिचा विसर पडतो, स्कॉटीसारखाच.

१९५८ साली लोकांना हा फारसा रुचला नव्हता, तेव्हा तुझा काही दोष नाही.

पुन्हा बघशील तर एवढंच कर. ज्युडी केस रंगवून येते, पण मोकळे सोडून. मॅडलिनसारखा अंबाडा हवाच म्हणून स्कॉटी हट्ट धरतो. ती आत जाते, दार लागतं. बाहेर हिरवा उजेड, संगीतकार बर्नार्ड हर्मनचं संगीत, आणि तो वाट बघत उभा. तेवढा वेळ त्याच्याकडे बघू नकोस. दारापलीकडे आरशासमोर उभी राहून ती एकेक पिन खोचतेय, ते डोळ्यांसमोर आण. मग फोन कर.

तुझी,
आई